मुराळ्याचा तांब्या

॥ श्री ॥

मंगळवेढे, रानातल्या वस्तीवरून
वैशाख वद्य पंचमी

श्रीयुत रावजी मेहुणे यांस, महिपतीचा सोलापुरापर्यंत ऐकू जावा एवढा रामराम.

आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे पत्रात लिहिण्यापुरते बरे आहोत. माझा डावा गुडघा संध्याकाळी बोलतो आणि उजवा सकाळी त्याला उत्तर देतो. तुमच्या बहिणीची, म्हणजे मथुरेची, प्रकृती उत्तम आहे, हे तिच्या आवाजावरून वस्तीतल्या सगळ्यांना कळतं. तुमची प्रकृती कशी आहे? कंबर धरली आहे असं तुम्ही मागच्या कार्डात लिहिलं होतं, आणि कंबर धरल्यामुळे यंदा आमच्या फुलाला सासरहून आणायला मुराळी म्हणून जाता येणार नाही, असंही त्याच कार्डात पुढच्या ओळीत होतं. त्यानंतर तुम्हाला कुणीतरी मंगळवार बाजारात खांद्यावर पोतं घेऊन चाललेलं पाहिलं म्हणे. मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. (पोत्यात काय होतं?)

पत्रास कारण तसं काहीच नाही. काही मागायचं आहे म्हणून लिहितोय असा समज करून घेऊ नका. (आमचं पाकीट दिसलं की वहिनी आधी तेच म्हणतात, हे माझ्या कानावर आहे.) तुमच्या कंबरेमुळे माझ्यावर काय काय गुदरलं ते तुम्हाला माहीत असावं, एवढ्यासाठीच चौथीतून शाळा सुटलेल्या माणसानं हा खटाटोप केला आहे. अक्षर लागलं नाही तर अंदाजानं वाचा, मीही बरंचसं अंदाजानंच लिहितो. आणि फुला आली की नाही आली ते मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितलं तर तुम्ही मधलं वाचणार नाही, तुमचा स्वभाव मला माहीत आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे की फुलाचा लग्नानंतरचा हा पहिला उन्हाळा. मृग लागला की सासरी पेरणीची धांदल, मग तिला कोण सोडतंय? म्हणजे आत्ता आली तर आली, नाहीतर थेट दिवाळी. मथुरा चैत्रापासून दारातल्या वाटेकडे बघून भाकऱ्या थापत होती, आणि वाटेकडे बघून थापलेल्या भाकऱ्या कशा होतात ते मी महिनाभर खाल्लं आहे. तुमचं कार्ड आलं तशी ती म्हणाली, "अवं, मग तुमीच जावा की. पर एक सांगून ठिवते. फुलीला घिऊन या. एकलं यायचं आसंल तर येऊ नगा, तिकडंच ऊस तोडा." तिकडं, म्हणजे माळशिरसच्या बाजूला, कालव्याच्या पाण्याचा मुलूख आहे आणि ऊस भरपूर आहे, त्यामुळे तिची धमकी अगदीच पोकळ नव्हती.

आता माझी अडचण. आपल्यात रीत अशी, की लेकीला मूल होऊन ते आपल्या मांडीवर येईपर्यंत बापानं तिच्या सासरच्या घरचं अन्न खायचं नाही आणि पाणी प्यायचं नाही. मामाला ही रीत लागू नाही, हे तुम्ही गेल्या दिवाळीत मुराळी म्हणून जाऊन चांगलंच दाखवून दिलंत. (विहीणबाईंनी मला पुरण वाटायचा पाटा मुद्दाम बाहेर आणून दाखवला. "ह्यो तुमच्या मेव्हण्याच्या येळंला झिजला," म्हणाल्या. मी मान खाली घातली.) पण बापाचं तसं नाही. ही रीत मोडली तर लेकीची कूस भरत नाही असं माझी आजी सांगायची. खरं की खोटं, मला माहीत नाही. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत असतं तर तपासून बघितलं असतं. फुलाच्या बाबतीत तपासून बघायची माझी छाती नाही.

शिवाय माझ्यापुढं तुमच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या कैलासवासी सासऱ्यांचं, उदाहरण होतं. फुला जन्मायच्या आधी ते किती उन्हाळे आमच्या वस्तीवर आले, पण उंबऱ्याच्या आत पाण्याचा थेंब घेतला नाही. लिंबाखाली बसायचे. उन्हं चढली की "जरा बैल बघून येतो" म्हणून गोठ्यात जायचे आणि तास तास मुक्या जनावरांच्या सोबतीत काढायचे. बाहेर यायचे तेव्हा चेहऱ्यावर असं काही समाधान असायचं, की उपासाला तेज असतं ते हेच, असं मला वाटायचं. तुम्हीही तेव्हा त्यांच्याबरोबर असायचा, आणि मला हाताला धरून बांधाबांधानं फिरवायचा. "दाजी, पीक दाखवा," म्हणून. शहरात राहणाऱ्या पोराला शेतीचं एवढं वेड, याचं मला तेव्हा फार कौतुक होतं.

असो. मथुरेनं एका धुवट फडक्यात कडक भाकऱ्या बांधून दिल्या, आपल्या त्या पातळ, पापडासारख्या वाजणाऱ्या, महिनाभर टिकणाऱ्या. बरोबर शेंगाची चटणी. आणि फिरकीच्या झाकणाच्या तांब्यात आपल्या विहिरीचं पाणी. मचूळ आहे, पण आपलं आहे. म्हणजे व्याह्यांच्या घरी राहूनही मी माझंच खाणार आणि माझंच पिणार, असा बेत. बेतात खोट कुठंच नव्हती, खोट होती ती फिरकीत. बाहत्तरच्या दुष्काळात तो तांब्या टँकरच्या गर्दीत पडून चेपला, तेव्हापासून त्याचं झाकण आट्यावर नीट बसत नाही. यष्टीत मी तांब्या मांडीवर घेऊन बसलो होतो. पंढरपूर यायच्या आत माझं धोतर कुठं भिजलं असेल ते तुम्हीच समजून घ्या. कंडक्टर अक्कलकोटकडचा होता, शंकरप्पा नावाचा. त्यानं एकदा धोतराकडं बघितलं, एकदा माझ्या पांढऱ्या मिशांकडं, आणि अगदी मायेनं म्हणाला, "अज्जा, आधी सांगायचं की. गाडी थांबवली असती." मी म्हणालो, पाणी आहे, तांब्यातलं. तो म्हणाला, "व्हय व्हय, पाणीच असतंय," आणि पुढच्या बाईंना जरा सरकून बसायला सांगितलं. त्यानंतर मला कुणी धक्का दिला नाही, एवढा मात्र फायदा झाला. पंढरपुरात उतरल्यावर माळशिरसची गाडी कोणती म्हणून मी तीन माणसांना विचारलं आणि तिघांवरही विश्वास ठेवला, त्यामुळे काही वेळ सांगोल्याच्या गाडीत बसून आलो.

व्याह्यांच्या घरी पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गुंडाआप्पा, म्हणजे आपले व्याही, उंबऱ्यापर्यंत सामोरे आले. माणूस लाखाचा, पण बोलताना समोरच्या माणसाच्या पाठीवर थाप मारायची त्यांना सवय आहे आणि माझी पाठ आता तशी राहिलेली नाही. केराबाईंनी, म्हणजे विहीणबाईंनी, पाय धुवायला बादलीभर पाणी ठेवलं. इथंच मला पहिला घोर लागला. पाय धुतले तर त्यांचं पाणी घेतलं असं होतं का? मी विचार केला की पायानं माणूस पीत नाही, तेव्हा हरकत नसावी. तोंडावर पाणी मारलं, तर एक थेंब मिशीवरून ओठावर आला. तो मी जीभ न लावता पुसला आणि चारी बाजूंना बघितलं. ओसरीच्या कोपऱ्यात गुंडाआप्पांच्या आई, बजाबाई, बसल्या होत्या. त्यांचं वय कुणालाच माहीत नाही, पण नजर अजून सुईत दोरा ओवण्याची आहे. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

मग आतून फुला आली. हातात पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. आल्या-गेल्याला देतात तसा. मेहुणे, पोरगी चांगली भरली आहे. अंगावर हिरवं लुगडं होतं आणि चालणं अगदी मथुरेसारखं, म्हणजे आधी आवाज येतो. मी तिच्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं, आणि हात मागं घेतला. गुंडाआप्पांचा चेहरा उतरला. "का वं पाव्हणं, आमचं पाणी कडू लागतंय व्हय?" मी रीत सांगितली. जमेल तितकी गोड करून सांगितली. गुंडाआप्पा मान हलवत म्हणाले की बापाचं बरोबर आहे. मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात कोपऱ्यातून बजाबाई बोलल्या.

"तुमची रीत तुमाला. आता आमची ऐका. मुराळ्याचं तोंड आमच्या घरात गोड झाल्याबिगर आमी सून उंबऱ्याभाईर काढत न्हाय."

का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की एक मुराळी असाच न खाता सून घेऊन गेला होता आणि ती सून परत आलीच नाही. कधीची गोष्ट, असं विचारलं, तर म्हणाल्या, "माज्या सासूच्या सासूच्या येळची." आता एवढ्या जुन्या सुनेचा शोध मी कुठं घेणार? म्हणजे बघा, मी खाल्लं तर माझी रीत मोडते आणि लेकीच्या कुशीचा घोर लागतो. नाही खाल्लं तर त्यांची रीत मोडते आणि लेक मिळत नाही. आणि मोकळ्या हातानं परत गेलो तर मथुरा आहेच. मधोमध फुला गुळाचा खडा घेऊन उभी. तिच्या तोंडावर हसू आहे असं मला वाटलं, पण माझ्या डोळ्यांवर ऊन येत होतं.

त्यानंतर मी तिथं जो मुक्काम केला त्याला मुक्काम म्हणायचं की अटक, हे मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही बाजू अतिशय प्रेमानं हटून बसल्या. केराबाईंनी पुरण घातलं, मी नको म्हणालो. मग त्यांना वाटलं मला उपास असेल, म्हणून भगर केली. भगरही त्यांच्याच घरची. गुंडाआप्पांनी मला शेत दाखवायला नेलं. मेहुणे, काय ते पाणी! कालवा असा भरून वाहतो की बघून डोळ्यांना घोट घेतल्यासारखं वाटतं. मी काठावर उभा राहून माझ्या तांब्यातलं मचूळ पाणी झाकणाझाकणानं पीत होतो. बाहत्तर सालीसुद्धा मला एवढी तहान लागली नव्हती, कारण तेव्हा समोर पाणी नव्हतं. आप्पांनी उसाचं एक चांगलं कांडं तोडून हातात दिलं. नको म्हणायचं कितीदा? मी ते राजदंडासारखं धरून सगळ्या शेतातून फिरलो आणि शेवटी त्यांच्याच बैलाला दिलं. पुढं आंब्याखाली टेकलो तर पाडाचा एक आंबा थेट माझ्या मांडीवर पडला. आता झाड त्यांचं, पण आंबा आपणहून आला, तेव्हा तो कुणाचा? मी विचार करायला लागलो. वास फार चांगला येत होता, म्हणून विचार लवकर थांबवला आणि आंबा वासराला चारला. आप्पा म्हणाले, "पाव्हणं, तुमच्यापायी आमची जनावरं लई माजत्याली." 

दुसऱ्या दिवशी केराबाईंनी मला काम दिलं. अंगणात बाजांवर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्या राखायच्या. "नुसतं बसून तुमी सुकत चाललाय, तर कुरडयांसंगं सुका," असं त्या म्हणाल्या. (विहिणीच्या बोलण्याचा राग मानायचा नसतो, पण आठवण ठेवायला हरकत नाही.) हातात काठी घेऊन मी बसलो. गव्हाचा तो ऊन ऊन चीक शिजत होता, त्याचा वास, पोटात काटकसरीनं खाल्लेली अर्धी भाकरी, आणि लिंबाची सावली. डोळा कधी लागला ते कळलंच नाही. जागा झालो तेव्हा एक शेळी बाजेवर पुढचे पाय ठेवून शेवटची ओळ संपवत होती, आणि काठी माझ्या हातात तशीच होती. केराबाई आल्या, त्यांनी बाजेकडं बघितलं, शेळीकडं बघितलं, मग घराकडं तोंड करून म्हणाल्या, "आत्याबाई, पाव्हणं सोता खात न्हाईत, पर आमच्या शेळीला पोटभर जेवू घालत्यात बगा." मी त्या दिवशी त्यांच्यासमोर परत गेलो नाही. शेळी मात्र माझ्या मागं मागं फिरत होती.

पण मेहुणे, एक चमत्कार तुम्हाला सांगितलाच पाहिजे. माझा तांब्या ओसरीवरच्या खुंटीला अडकवलेला असायचा आणि त्याच खुंटीला भाकरीचं फडकं. पहिल्या दिवशी पाणी निम्म्यावर आलं म्हणून मी घाबरलो होतो. पण दुसऱ्या दिवशी कुरडयांवरून उठून आलो आणि तांब्या उचलला, तर तो भरलेल्यासारखा जड. बघितलं, तर खरंच काठोकाठ. याचा अर्थ, मला वाटत होतं त्यापेक्षा मी कितीतरी कमी पितो. आणि चव! आपल्या विहिरीचं पाणी दोन दिवस तांब्यात राहिलं की त्याचा मचूळपणा पार उतरतो आणि ते गोडं लागतं, हे मला या वयात कळलं. बाहत्तरपासून न बसणारी फिरकीसुद्धा घट्ट बसलेली होती. कालव्याच्या हवेनं धातू फुगत असावा.

भाकरीचंही तसंच. आणताना वाजत होती ती कडक भाकरी दुसऱ्या दिवसापासून मऊ पडली. इतकी मऊ की दातांचं काही कामच उरलं नाही. आणि जराशी कोमट. खुंटी सावलीत होती हे खरं, पण उन्हाळ्यात ऊन कुठूनही पोचतं. चटणीला तेल सुटलं होतं आणि तिच्याखाली आंब्याच्या लोणच्याची फोड निघाली, ती तुमच्या बहिणीनं घातलेली असणार आणि सांगायला विसरली असणार. मी त्या संध्याकाळी ओट्यावर गुंडाआप्पांना मुद्दाम आपल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीचं महत्त्व समजावून सांगितलं. म्हणालो, पाण्याच्या मुलखात ऊस पिकत असेल, पण अशी ज्वारी नाही. वाळवली तर कडक होते, बांधून ठेवली तर परत मऊ. आप्पा दुसरीकडं बघून खोकायला लागले. केराबाई तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्यांच्या ज्वारीला कुणी नावं ठेवलेली त्यांना आवडली नसतील, पण खरं बोलायला मी कशाला भिऊ?

तिसऱ्या दिवशी सकाळी फडकं सोडलं तर तळाशी, दोन भाकऱ्यांच्या मधे, गुळाची पोळी. तुपानं थबथबलेली. मेहुणे, मी खोटं सांगत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं मी तुमच्या बहिणीबद्दल मनात काय काय म्हणत आलो, आणि तिनं माझ्यासाठी गुपचूप पोळी करून तळाशी लपवली होती. खांबाच्या आड बसून मी ती सगळी खाल्ली. बोटं चाटतोय तोच समोर बजाबाई. काठी टेकत त्या जवळ आल्या, माझ्या हाताकडं बघितलं आणि म्हणाल्या, "तूप हाय व्हय बोटाला? पुसा." मग वळून घरात हाक मारली, "फुले, लुगडं बदल ग. बोचकं बांद. बाप न्यायाला आलाय."

मी उठून उभाच राहिलो. म्हणालो, आजी, पण तुमची रीत? मी तर इथं काही खाल्लेलं नाही.

"आमची रीत पाळून झाली," त्या म्हणाल्या. "तुमची बी ऱ्हायली. आता गाडी गाठा."

कशी पाळून झाली म्हणून मी पुन्हा विचारलं, तर "म्हाताऱ्या माणसानं लई इचारू नये" असं उत्तर मिळालं. मला वाटतं माझा निर्धार बघून त्यांचं मन विरघळलं. मोठी माणसं हार मानतात तीही अशी, तोंड वर ठेवून. निघताना गुंडाआप्पांनी आंब्यांची पाटी दिली. ते आंबे आपल्या घरी नेऊन खाल्ले तर चालतात का, याचा मला गाडीत घोर लागला, तर फुला म्हणाली, "आबा, उंबरा बदलला की चालतंय." मग माझ्या मांडीवरचा तांब्या बघून ती हसायला लागली ती पंढरपुरापर्यंत. का हसतेस विचारलं, तर म्हणाली, उसाचे तुरे बघून. वैशाखात उसाला तुरे नसतात, पण माहेरी निघालेल्या पोरीशी कोण वाद घालतो?

तर काल संध्याकाळी फुला घरी आली. मायलेकी गळ्यात पडून रडल्या, मग हसल्या, मग मला बाजूला सारून चुलीपाशी जाऊन बसल्या, आणि अजून उठलेल्या नाहीत. सांगायचं तात्पर्य एवढंच, की माणसाचा निर्धार पक्का असेल तर दोन घरच्या दोन रीती एकाच वेळी पाळता येतात. तुमच्या कैलासवासी वडिलांना आज किती आनंद झाला असता! सोलापुरात चार माणसं भेटतील त्यांना हे जरूर सांगा. फुला पुढच्या आठवड्यात चार दिवस तुमच्याकडे येणार आहे. वहिनींना रामराम, पोरांना आशीर्वाद, कंबरेला तिळाचं तेल.

तुमचा दाजी,
महिपती

ता. क. : आंब्यांतले निम्मे फुलाबरोबर पाठवतो. डाग पडलेले आधी खा.

दुसरा ता. क. : हे पत्र कालच जायचं होतं, पण मंगळवेढ्याला बाजारात जाणारा माणूस गेला नाही, आणि आता वाटतं तो गेला असता तर बरं झालं असतं. वर निर्धाराबद्दल जे लिहिलं आहे ते चार माणसांना सांगू नका. सांगितलं असेल तर ती माणसं शोधून काढा.

झालं असं की आज सकाळी मी मथुरेला गुळाच्या पोळीबद्दल दोन शब्द गोड बोलायला गेलो. (सवय नाही, म्हणून गोठ्याकडं तोंड करून बोललो.) ती म्हणाली, "कसली पोळी? घरात गूळ हुता कुटं?" मी म्हणालो, ती मऊ भाकऱ्यांच्या मधली. ती म्हणाली, "मऊ?" तेवढ्यात फुला हातातलं सूप टाकून आत पळाली. मथुरेनं एकदा तिच्या पाठीकडं बघितलं, एकदा खुंटीवरच्या तांब्याकडं, आणि जात्यावर बसून जी हसायला लागली ती मी पाणी आणून देईपर्यंत. मग फुलानं दाराआडून सगळं सांगितलं. तांब्या तीच भरत होती, त्यांच्या आडाच्या पाण्यानं. झाकणाखाली चिंधी घालून फिरकी तिनंच घट्ट केली. भाकऱ्या तव्यावरच्या. आणि पोळी बजाबाईंनी स्वतः लाटली. "आजी म्हनली, म्हातारा मानी हाय, त्येला न कळता घाल." सगळ्या घराला ठाऊक होतं. मी ज्यांना ज्वारीचं महत्त्व सांगितलं त्यांनाही. मला वाटतं शेळीलाही.

मेहुणे, मी बोटं मोजून आठवायला लागलो, किती घोट, किती घास. मथुरेला म्हणालो, अगं, रीत मोडली. आता पोरीच्या कुशीचं काय? तर तुमची बहीण काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो. "माजा बाप गोट्यात काय बैलाचं दात मोजत बसायचा व्हय? दावणीत, कडब्याखाली धपाटी ठिवायची मी, दह्याच्या वाटीसकट. सगळं उन्हाळं जेवला. तरी ही घोडी झालीच की." घोडी म्हणजे फुला. मग आणखी म्हणाली की, तुम्ही गोठ्याकडं येऊ नये म्हणून रावजीदादा तुम्हाला बांधाबांधानं फिरवायचा.

म्हणजे शेतीचं वेड ते हे. पंचवीस वर्षं मी तुमचं कौतुक करत आलो. मला तुमच्याशी यावर सविस्तर बोलायचं आहे, पण समोरासमोर, आणि तुमची कंबर बरी झाल्यावर.

तिसरा ता. क. : रात्रभर विचार केला. रीत मोडली म्हणावं, तर ती मला ठाऊक असताना मोडलेली नाही. आणि ठाऊक नसताना जे होतं ते होतच नाही, असं मी ठरवलं आहे. तेव्हा रीत शाबूत आहे आणि ती मी पुढंही पाळणार. दिवाळीला फुलाला आणायला मीच जाईन, तुम्ही कंबरेला त्रास देऊ नका. बजाबाईंना मला सगळं कळलंय हे कळता कामा नये. फुलाला मी सांगितलं आहे की ती दाराआडून जे काही बोलली ते मला नीट ऐकू आलं नाही.

फक्त एक किरकोळ काम. तुमच्या तिथं भांड्यांची दुकानं आहेत, तिथून एक फिरकीचा तांब्या घेऊन फुलाबरोबर पाठवा. हल्लीच्यापेक्षा मोठा हवा आणि तोंड चांगलं रुंद, म्हणजे भरणाऱ्याला घाई होणार नाही. भाकरीचं फडकं आता विरलं आहे, तेव्हा त्याच्याऐवजी एक खोलगट डबा, आमटी सांडणार नाही असा. आणि तांब्याला आतून कल्हई करून घ्या. पाण्याच्या भांड्याला कल्हई कशाला, असं दुकानदार विचारेल. त्याला सांगा, आमच्या दाजींच्या विहिरीचं पाणी बाहेरगावी नेलं की कधी कधी ताकासारखं लागतं.